शिक्क्याची तारीख

विल्बर, नेब्रास्का
२४ जुलै २०१८

ती. व्हर्नाताईस,
मायलोचा शि. सा. न. वि. वि.

माझा डस्टिन तुझ्याकडे पोटभर जेवतोय हे वाचून बरं वाटलं. त्याला खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, करून घाल, जर्दाळूचे तू एकटीच खात बस. पोराच्या बेसबॉल क्लबाची धाकटी टीम तुझ्याच गावात निघावी आणि कोपराच्या शस्त्रक्रियेनंतरचा सराव तिथेच व्हावा, हे आपलं नशीबच. इथं घर खायला उठतं. फोनवर मला नुसतं घूंघूं ऐकू येतं आणि पोरानं दिलेला मोबाईल मी कपाटात ठेवलाय, तेव्हा तुझ्या पत्रांवरच माझी सगळी भिस्त.

आता बाबांच्या कागदी लीगचं. खऱ्या खेळाडूंच्या खेळावर आपण आठ घरं इतकी वर्षं कागदावर गुण मोजतोय, पण असा पेच कधी आला नव्हता. नियमांची वही तू सांभाळतेस म्हणून विचारतो. चौदा महिने मी डस्टिनला माझ्या कागदी संघात खाटेवर ठेवलाय. बाबांचा नियमच आहे, दुखापत झालेला एक खेळाडू खाटेवर चालतो, आणि तो खऱ्या मैदानात उतरला की त्याला खेळवायचं नाहीतर मोकळं करायचं. तर डस्टिन सतरा ऑगस्टला उतरतोय! मासिकात छापून आलंय की चेंडूचा वेग पुन्हा ताशी पंच्याण्णव मैल, आत्ताच घ्या, नंतर भाव चढेल. ड्वेनदादा त्याच्या बदल्यात दोन चांगले बॅट्समन द्यायला निघालाय. चुलतभाऊ खरा, पण गालातल्या गालात हसतो मेला. तू पोराला रोज चेंडू फेकताना बघतेस. खरं सांग, काय किंमत धरू?

लोभ जुनाच आहे, तेवढा पुरव.
तुझा
मायलो

*

सीडर रॅपिड्स, आयोवा
३० जुलै

चि. मायलोस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होत चाललंय. आमच्याकडे उकाडा फार. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, गाडी चालवायला बंदी. कॉफीचे दोन कप फुटले म्हणून नवीन आणले, पत्र्याचे.

किमतीचं म्हणशील तर ड्वेनचा सौदा घे. ते दोन बॅट्समन घे आणि मोकळा हो. चौदा महिन्यांनी परतलेला पिचर म्हणजे उन्हाळ्यातलं दूध, कधी नासेल सांगता येत नाही. मी वहीवाली म्हणून सांगते असं समज, हवं तर म्हातारी म्हणून. पण घे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

राग आला तर तोही पोस्टानं कळव.
तुझी
व्हर्ना

*

विल्बर
४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

राग आला. पोटच्या पोराला विकू? तेही ड्वेनला? बाबा असते तर त्यांनी तुझ्या हातातली वही काढून घेतली असती. आठ घरांच्या लीगमध्ये सगळे मला हसले, खाट अडवून बसलाय म्हणाले, आणि मी दोन हंगाम शेवटचा नंबर पत्करला. ते काय उन्हाळ्यातल्या दुधासाठी?

मी डस्टिनलाच पत्र टाकलंय. लिहिलं की सगळ्यांनी तुला सोडलं तरी बापानं खाट सोडली नाही, आता सतरा तारखेला मला खाली बघायला लावू नकोस. वाचून त्याला बळ येईल. त्याची आई गेल्यापासून आम्हा दोघांत बोलायला हा खेळ सोडून दुसरं उरलंय काय, तूच सांग. तेवढं तरी मोडू नकोस.

डोळ्याचं वेळेवर बघ.
मायलो

*

सीडर रॅपिड्स
११ ऑगस्ट

चि. मायलो,

आशीर्वाद आहेतच. आज रीतभात राहू दे.

मी दिलेला शब्द मोडतेय. देव मला क्षमा करो, डस्टिन करणार नाही. त्याचा हात बरा झालेला नाही. मासिकातला वेग खराच आहे, पण तो चेंडू टाकल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतात. ते दोन कप त्याच्या हातून पडले. आता कॉफी डाव्या हातानं पितो. सकाळी मोज्याला हात घालताना डोळ्यांत पाणी येतं त्याच्या, आणि डॉक्टरनं विचारलं की सांगतो, दुखणं शून्य. मी क्लबाला सांगायला निघाले तर त्यानं माझे दोन्ही हात धरले. सत्तावीस वर्षांचा पुरुष, लहान लेकरासारखी शपथ घातली. म्हणून मी लीगच्या भाषेत तुला सुचवत होते. तुला कळलं नाही, आणि चूक माझीच.

तुझं पत्र त्यानं उशीखाली ठेवलंय. म्हणाला, की आत्या, क्लबानं काढलं तर दुसरं काम शोधीन, पण पप्पांनी चौदा महिने माझ्यासाठी हार खाल्ली, आता कोणत्या तोंडानं सांगू की मी बरा नाही.

तो बुधवारीच लांब पूर्वेला सामन्यासाठी जाणार. ड्वेनकडे निरोप दिला तर गावभर बोभाटा होईल. मी गाडी चालवू शकत नाही, तुला फोन ऐकू येत नाही, आणि आज शनिवार, हे पत्र सोमवारी निघेल. मायलो, काहीतरी कर. दुसऱ्यांदा कोपर गेलं तर चमचासुद्धा धरता येणार नाही त्याला. मी तुझ्या पाया पडते.

व्हर्ना

*

विल्बर
१६ ऑगस्ट, दुपार

ती. ताई,

पत्र आत्ता आलं. कपाटातला मोबाईल काढून शेजारणीकडून लावून घेतला. मी ओरडत राहिलो, की खेळू नकोस, खेळू नकोस. पलीकडे माणूस होता की मशीन, मला कळलं नाही. मी बहिरा, ताई, आधी कानानं आणि मग अकलेनं. पोस्टात पाच वाजता शेवटची थैली निघते म्हणून लिहितो. सोबतची चिठ्ठी वहीत चिकटव, बाबांच्या पद्धतीनं:

मी, मायलो कुबिचेक, माझ्या कागदी संघातून पिचर डस्टिन कुबिचेक याला आजपासून मोकळं करत आहे.
कारणाच्या रकान्यात लिहायचं: तो माझा मुलगा आहे. त्याचा हात मला फक्त जेवणाच्या टेबलावर हवा आहे.

मायलो

*

सीडर रॅपिड्स
२१ ऑगस्ट

चि. मायलोस,
अनेक आशीर्वाद.

सामन्याचं तुला पेपरातून कळलंच असेल. तिसऱ्या इनिंगमध्ये चेंडू सुटला आणि तो तिथेच गुडघ्यावर बसला. मोबाईल तो सामन्याच्या आधी बंद करतो, आणि लाजेनं अजून चालू केलेला नाही. रविवारी कपडे न्यायला आला, हात गळ्यात बांधलेला. पुन्हा शस्त्रक्रिया आहे. फेकणं संपलं असं डॉक्टर म्हणतात, बाकीचा हात वाचेल.

काल सोमवारी तुझा लिफाफा आला. तुझं अक्षर ओळखून त्यानं माझ्या हातातून घेतला आणि डाव्या हातानं दातात धरून फोडला. वहीची चिठ्ठीच आधी हाती लागली, तिची पहिली ओळ वाचली आणि कागद टेबलावर ठेवला. म्हणाला, की ठीकच आहे, हरलेल्याला कोण ठेवतं. चेहरा असा झाला मायलो, की मी आयुष्यात विसरणार नाही.

मग मी लिफाफा उलटा करून त्याच्यापुढे धरला. पोस्टात पडल्याची तारीख ती खरी तारीख, हा बाबांचा नियम त्याला पाठ आहे, सात वर्षांचा असताना त्यावरून ड्वेनशी भांडला होता. शिक्का सोळाचा होता. सामना सतराचा. त्यानं बोटानं मोजल्यासारखं दोनदा पाहिलं. मग कागद पुन्हा उचलला आणि कारणाच्या रकान्यापर्यंत वाचला. नंतर बराच वेळ माझ्या ओट्याकडे तोंड करून उभा होता. मी कोलाचे करत होते, मला काही दिसलं नाही, असं समज.

मी मोडलेल्या शब्दाबद्दल तो अजून बोललेला नाही. जेवला मात्र. खाली त्याला दोन ओळी लिहायच्यात, डावा हात आहे, अक्षराला हसू नकोस. तुझ्यापेक्षा बरंच आहे.

माया आहे तशी राहू दे.
व्हर्ना

पप्पा, शिक्का वाचला. शुक्रवारी घरी येतोय. जेवायला थांबा.
डस्टिन