आवाजाचं वजनमाप

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (गोळ्यांमुळे वाकलं की तोल जातो, म्हणून हा नमस्कार अर्धाच धर.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? मी बरा आहे. किती बरा, यावरून मात्र इथे महाभारत झालं.

त्याचं असं, की दर सोमवारी एक तरुण डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन माझ्या खाटेशी बसतात. आसपास कुणी नसताना कानात कुणाचा आवाज येतो का, किती वेळ, किती छळतो. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज दहाच्या आत आली की घरी सोडतात. आता तूच सांग, ज्याने तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, त्याने बिनतपासणीचं माप मुकाट्याने कसं मानायचं? मी विचारलं, बाई, तुमचा हा 'दोन' प्रमाणित कुणी केला? बिचाऱ्या फॉर्मच्या तळाशी शिक्का शोधू लागल्या. मग मी हट्टाने मोठ्या डॉक्टरांनाही तोच फॉर्म वेगळा भरायला लावला. बाईंचे सात, त्यांचे नऊ. दोन्ही दहाच्या आत! शहाण्या माणसाने गप्प बसून पिशवी भरायची की नाही? पण दोन गुणांची तफावत बघून माझ्या अंगात जुना इन्स्पेक्टर संचारला आणि मी दोन्ही फॉर्म जागच्या जागी जप्त करून उशीखाली घातले. (वर्तमानपत्राच्या कडेवर रीतसर पावतीही लिहून दिली.) मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे तिसरा फॉर्म काढला आणि 'संशय' या रकान्यात तीन गुण वाढवले. झाले बारा! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय.

या सोमवारी बाई पुन्हा आल्या. फॉर्म उलटा ठेवला आणि म्हणाल्या, काका, आकडा राहू द्या, तो आवाज म्हणतो काय ते सांगा. ताई, सहा आठवड्यांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं. सांगताना रडलो, आणि लाज नाही वाटली. तो अजून येतो, पण आता शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. ऐकू येतो, अंगावर येत नाही. मग बाईंनी फॉर्म भरला. आठ आले. मी तोंडातून ब्र काढला नाही.

बाकी सगळं ठीक. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. गुरुवारी सोडतात. पण घरच्या माणसाने येऊन सही करावी लागते, एकट्याला जाऊ देत नाहीत. सकाळी दहापर्यंत ये.

आणखी एक ता. क. बाईंना सांगितलं ते तुलाही सांगतो. तो म्हणतो, आता तुला न्यायला कुणी येणार नाही, ताईसुद्धा नाही. सकाळपासून हेच चाललंय. एकदा ये गं, आणि त्याला तोंडघशी पाड.