मॉसी क्विर्कच्या पबचे उघडे राहिलेले दार

मी, डीलिया क्विर्क, कैलासवासी मॉसी क्विर्क यांची विधवा, राहणार रॅथमोरन, टिपरारी परगणा, आयर्लंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी डोक्याचा दाखला दिला आहे, गुडघ्यांबद्दल ते काही बोलत नाहीत. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बँकेत जे काही असेल ते चर्चच्या गळक्या छपराला द्यावे.

२. खिडकीजवळचे बाक विकू नये. जुना मठ बघून दमलेले प्रवासी तिथे टेकतात. काळी बिअर अर्धी भरून फेस बसायला ठेवली की तोच पेला उचलून पितात आणि वर विचारतात, "एवढीच?" जन्मभर मी त्यांना समजावत आले, आता जीव विटला. मॉसी कधी विटला नाही. पूर्वजांचे गाव शोधत अमेरिकेहून आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "अहो, तुमचे पणजोबा इथेच बसायचे." मी म्हणायची, "अरे, किती पणजोबा बसवशील त्या एका बाकावर?" तर म्हणे, "रडून बरं वाटतं गं त्यांना. तुझं काय जातं?"

३. पब, त्याचा परवाना व वरची राहती जागा मॉसीचा भाचा फिन्टन याला मिळणार, असे सारे गाव धरून चालले आहे. आम्हीच त्याला वाढवला, म्हणून मीही तसेच लिहिले होते. ते का बदलले, हे इथे नोंदवते.

आमच्या रस्त्यावरून प्रेत निघाले की दुकानदार मान म्हणून दार लावून पडदे ओढतात. मेलेल्याच्या स्वतःच्या दारापुढे गाडी क्षणभर थांबते. गेल्या वर्षी मॉसीची गाडी आमच्या दारापुढे थांबली, तेव्हा दार सताड उघडे होते. आत बसभर प्रवासी होते, फिडल वाजत होते. चर्चमधून आधीच सटकलेला फिन्टन पेले भरत होता. शेवटी आतल्याच एका कोरियन बाईने समोरची बंद दुकाने पाहिली, पेला ठेवला आणि उठून दार लावले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फिन्टन म्हणाला, "मामी, बसवाल्यांना आधीच शब्द दिला होता. मामाला तरी धंदा बुडालेला आवडला असता का?"

मी म्हटले, "मामाला काय आवडलं असतं ते मला विचारायचं होतंस. मी मागेच चालत होते."

सबब हे सर्व मी नुआला ट्रेसीला देत आहे. ती आमच्याकडे वर्षानुवर्षे गल्ल्यामागे उभी राहिली आणि त्या दिवशी माझा हात धरून चालली. त्या बाकाखेरीज तिला अट काही नाही.

४. "फिन्टनला काही नाही" असे वकील लिहायला निघाले होते. मी थांबवले. पोरगा आमचाच आहे, आणि रागवायचेही आता त्राण नाही. चर्चपासून कबरीपर्यंत माझ्या पेटीला पुढून उजवीकडे त्याने खांदा द्यावा. मामाला द्यायचा राहिला.

सही: डीलिया क्विर्क

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
कॉनर हेफरनन, पोस्टमन
ऑर्ला मॅकग्रा, शिक्षिका

रॅथमोरन, ३ नोव्हेंबर २०१४