चौकटीवाचूनचे घर

मी, मथुरा त्र्यंबक शिरवळकर, वय अठ्ठावन्न, विधवा, निपुत्रिक, मुलींच्या शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार भोर, हे स्वहस्ते लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाला डॉक्टरांनी दोन महिने दिले आहेत. कोणी मला भरीस घातलेले नाही. तसा प्रयत्न करणारे आजवर टिकले नाहीत.

१. उत्रोलीच्या वाटेवरचे घर मी बांधले. गेनबा गवंड्याने भिंती घातल्या, माझ्या सोबतीस असलेल्या धोंडाबाईने चिखल वाहिला, सुट्टीत मी विटा भिजवल्या. तीन वर्षे धोंडाबाई व मी त्यात राहतो. बांधकाम पुरे झाल्याचा दाखला नाही, कारण पुढल्या दाराला चौकट नाही. तेथे गोणपाट आहे. धोंडाबाई म्हणते, "चोर बी लाजंल वो बाई, ठोकायला दार न्हाई त्याला." पाहणीचे कारकून म्हणाले, "दार नाही, त्याला घर कसं लिहू?" त्यांचे बरोबर होते. ३१ मेपर्यंत दाखला न झाल्यास, जागा देताना घातलेल्या अटीप्रमाणे ती संस्थानाकडे परत जाईल.

२. सागवानी चौकट माजघरात तयार आहे. ती बसवताना पूजा जोडप्याने करावयाची. गेनबा म्हणाला, "घरचंच जोडपं पायजे. उसनं न्हाई चालत." धोंडाबाईचा नवरा बारा वर्षांपूर्वी मुंबईस गेला, तो गेलाच. माझे बंधू माधव सपत्नीक येण्यास तयार होते. घर त्यांच्या मुलाच्या नावे करावे, एवढीच अट. मी त्यांना चहा दिला व टांग्यापर्यंत पोचवले.

३. घर व जागा धोंडाबाईस. कॉलेजातील बक्षिसाची पुस्तके बंधूंना. पुस्तकांनी बायका बिघडतात, असे त्यांचे मत आहे. त्यांनी स्वतः वाचावीत, धोका नाही. भिंत सरळ पाहण्यासाठी मी आणलेला ओळंबा गेनबाने ठेवावा.

४. माझे दिवस करू नयेत.

एवढे लिहून साक्षीदार गेनबा व सोनबा यांस, धोंडाबाईसमोर, वाचून दाखवले. चौकट बसली नाही, तर धोंडाबाईस एक जूनला बोचके घेऊन निघावे लागेल, हेही सांगितले. गेनबाने पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"घरचं मानूस म्हंजी कोन वो बाई? ही हाय, तुमी हाय. हळद तुमी लावा, कुकू तिला लावू द्या."

"आणि रिवाज?"

"म्याच सांगितला, म्याच मोडतो. भिंत माजी हाय."

धोंडाबाई म्हणाली, "तीन वर्सं कुटं गेलतं हे श्यानपन?" त्याने पागोटे पुन्हा डोक्यावर चढवले.

५. सबब सोमवार, १ मे रोजी सकाळी चौकट बसेल. पाहणीचा अर्ज लिहून ठेवला आहे. मला आनंद झाला, असे येथे लिहावयास हवे. तसे काही जाणवत नाही. सोमवारपूर्वी मी गेल्यास प्रेत मागल्या दाराने न्यावे. सुतक धरून पुढले काम थांबवू नये.

मथुरा त्र्यंबक शिरवळकर
(सही)

समक्ष साक्षीदार:
गेनबा गवंडी, उत्रोली (अंगठा)
सोनबा, शेजारी, भोर (सही)

भोर, शुक्रवार, २८ एप्रिल १९३९