अधिवासाची कोरी ओळ

३ मार्च
पोहोचलो. चोहीकडे वाळू, मध्ये दोन खोल्यांचं संशोधन केंद्र आणि मी. टेबल उत्तरेच्या खिडकीशी आहे. सूक्ष्मदर्शकाला याहून छान उजेड मिळायचा नाही. त्याच्या डोळ्याकडच्या भिंगावर वाळूची बारीक कच होती. फुंकर मारून डोळा लावला. त्याआधी कोपऱ्यात देवाची तसबीर टेकवून हात जोडले होतेच.

माझ्याआधीच्या संशोधकांनी स्पिरिटच्या बाटलीत अकरा किडे ठेवलेत. राजगिऱ्याएवढे, मागचे पाय वल्ह्यांसारखे. म्हणजे पाणकिडेच, पण पन्नास कोसांत डबकं नाही! पाय, पंख, मिशा, सगळ्यांचं वर्णन त्यांनी लिहून ठेवलंय. 'अधिवास', म्हणजे किडा राहतो कुठे, तेवढी ओळ कोरी. ती लिहिण्याआधीच त्यांची दृष्टी गेली.

गावच्या शाळेत गुरुजी रिकाम्या जागा भरल्याशिवाय उठू देत नसत. ही भरली की नव्या जातीला नाव द्यायचा मान माझा. नाव ठरलंय: धाकटी. बायको घरातली धाकटी सून, सगळे तिला तेच म्हणत. माझ्यापेक्षा किड्यांकडे जास्त बघता, हा तिचा टोमणा. आता दोघांकडे एकदमच बघेन.

रखवालदार गमत्या आहे. टँकरचं पाणी देताना म्हणाला, साहेब, इथे रडायचं नाही, पाणी महाग आहे.

७ मार्च
टाकी, मोरी, माठाखालची ओल, सगळं धुंडाळलं. पाणकिडे चकाकत्या पत्र्यालाही पाणी समजून फसतात, म्हणून अंगणात ताटली भरून ठेवली. एकही फिरकला नाही. दिवसभरात एकच वाक्य बोललो, तेही ताटलीशी.

१२ मार्च
धाकटीला जाऊन आज दोन वर्षं. सकाळी तसबिरीपुढे बसलो आणि डोळे भरून आले. थेंब वहीवर पडला. थेंबात काहीतरी हललं. भिंग धरलं. वल्ही मारत होता. जिवंत! देवा, तुझी लीला.

१३ मार्च
रुमालावर आणखी तीन. दोन टाकीच्या पाण्यात सोडले, लगेच मेले. तिसरा आसवात ठेवला, तासभर पोहला.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर उरलेली कच तपासली. वाळू नाही. अंडी.

रखवालदाराने रुमाल पाहिला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही हसण्यावारी नेलंत. आधीचे साहेब आई गेली म्हणून रडायचे, आणि म्हातारी घरी ठणठणीत! तीन दिवस डोळे कोरडे ठेवा, मरतील सगळे.

तीन दिवस. जमेल. पण मादीचं चित्र अजून व्हायचंय. आणि मारायची, तर तीही धाकटीच ना—

१५ मार्च
काही आठवायचं नाही असं ठरवतो. नामस्मरण करतो. पापणीआड वल्ही चालू होतात, आणि आठवतंच. दुपारी मुलीला तापात मांडीवर घेतलेलं आठवलं. तिचा हात गार पडत गेला. ऊर फुटेस्तोवर रडलो.

मग ध्यानात आलं— आम्हाला मूलच नव्हतं.

१६ मार्च
आज एक मुलगा आठवला. विहिरीत—

त्यांना पाणी हवंय. दुःख तेच पुरवतात.

रखवालदार जीप आणायला गेलाय. दोन दिवस लागतील.

तारीख—
उजव्या डोळ्यात अंधार. तसबीर कुठे आहे ते अंदाजाने— हात जोडले.

धाकटीचा चेहरा येत नाही. बाकीच्यांचेच येतात. कोण आहेत हे— सगळे मला बाबा म्हणतात—

गुरुजी, भरतो. मला उठायचंय.

अधिवास : माझ्या डाव्या—