लाल चेंडू कुठाय?

३ मार्च, सोमवार

माझं बदक पास झालं!! लहान मुलांच्या अ‍ॅपसाठी मी केलेला पहिला गेम. बदक विचारतं, "लाल चेंडू कुठाय?" — मूल चित्राला बोट लावतं — बदक नाचतं. पहिलं गिऱ्हाईक अर्थात ताईची ठमी! अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. पण चेंडू, गाडी, टोपी — फटाफट! एकही चूक नाही!

६ मार्च

ताई रडवेली. "अगं, हिच्या वयाची पोरं भांडतात. ही मला आईसुद्धा म्हणत नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय उद्याची."

वेडी आहेस का, म्हटलं. ऐकू येत नसतं तर बदकाला उत्तरं कशी दिली असती? हातच्या कांकणाला आरसा कशाला! भावजींनी लगेच माझी री ओढली — "मीपण चार वर्षांचा होईपर्यंत मुका होतो."

ताई म्हणाली, "तेव्हाच बरा होतास."

सगळे हसलो. ताईने फोन करून वेळ रद्द केली.

११ मार्च

खरा चेंडू, खरी टोपी ठमीसमोर मांडली. "ठमे, चेंडू दे." ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग टोपी दिली.

ठीक आहे. वाचलंय मी — स्क्रीनवर शिकलेलं खऱ्या वस्तूंना लावायला लहान मुलांना वेळ लागतो. नॉर्मल आहे! ताईला तसंच सांगितलं. तिने टोपी उचलून ठेवली.

१२ मार्च

ऑफिसात ठमीचं शूटिंग दाखवलं. मॅडम खूश! "न बोलणारं मूलही शिकतंय — हेच जाहिरातीत घेऊ." मी हवेत!!

१६ मार्च, रविवार

दुपारी ताईकडे. ठमी जमिनीवर बदकाशी खेळत होती, मी तिच्या मागे. चेंडू — बरोबर. गाडी — बरोबर.

मग लक्षात आलं, खोलीत आवाजच नाही. भावजी आत झोपलेले म्हणून ताईने टॅब म्यूट केलेला.

टोपी — बरोबर.

प्रश्न विचारताना बदक उत्तराकडे बघतं. मुलं अडू नयेत म्हणून ते डोळे मीच तसे काढलेत.

"ठमे." "ठमे!!" मागून जोरात टाळी वाजवली.

आतून भावजी दचकून ओरडले, "काय झालं?"

ठमीने पुढच्या चित्राला बोट लावलं.