मागची खोली हौसेच्या नावे

मी, या घरातली सगळ्यांत जुनी बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे. दडपणाखाली कोणी असलाच तर माझा मुलगा आहे. तो दाराबाहेर येरझाऱ्या घालतो आहे. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून वकीलबाई लिहून घेत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सवडच झाली नाही.

हे घर मी लाँड्रीत जन्मभर इस्त्री करून घेतले व ते माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. त्याची वाटणी अशी:

१. घराचा पुढचा भाग मुलाला. सोबत माझी कोळशाची इस्त्री. कपाळावरच्या आठ्या मोडायला उपयोगी पडेल.

२. मागची खोली हौसेच्या नावे. वकीलबाई म्हणतात, "आजी, हौस म्हणजे कोणी माणूस नव्हे. तिच्या नावे खोली होत नाही." मग नातीच्या नावे लिहा, एकूण एकच.

नात दिवसा औषधांच्या दुकानात असते आणि उरल्या वेळात या खोलीत संगणकावर खेळ बनवते. त्यातली म्हातारी घरातून पळते आणि कोणाच्या हाती लागत नाही. मला वाचता येत नाही म्हणून नातीने अख्ख्या खेळात एक अक्षर ठेवलेले नाही. गेल्या महिन्यात तिने तो लोकांपुढे ठेवला. कोणा अनोळखी माणसाने लिहिले, "याला खेळ म्हणतात?" माझ्या मुलाने ते जेवताना सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हापासून संगणक बंद आहे, आणि मुलाने खोलीला भाडेकरूही बघून ठेवला आहे. त्या भाडेकरूला माझा नमस्कार कळवावा. लांबूनच.

३. लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत मी फरशीवर कोळशाने पट आखायची. नियम माझ्या मनाचे. मुकादम बादली ओतून पुसायचा. मी पुन्हा आखायची, आधीपेक्षा अवघड. शेवटी मुकादमच खेळायला बसला आणि रडीचा डाव खेळला.

म्हणून नातीला सांगणे: मन लागत नसेल तर म्हातारीच्या नुसत्या चपलेचा रंग बदल. हात चालू राहिला की मन येते मागून, बाजारात रुसलेल्या पोरासारखे. खेळ पुरा झालाच पाहिजे अशी अट नाही. कोणाला आवडला पाहिजे, अशी तर नाहीच नाही.

"आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही हो."

बसत नसेल तर सरकवून बसवा. फी पूर्ण घेताय ना?

४. माझ्या बांगड्या मोडून नातीने नवा संगणक घ्यावा. सुनेने डोळे वटारू नयेत. तिला कपाट, आरशासकट.

५. मागच्या खोलीत जो कोणी "याचा उपयोग काय?" असे विचारेल, त्याने तिथेच बसून खेळावे आणि हरल्याशिवाय उठू नये. ही अट होणाऱ्या नातजावयालाही लागू.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. ठसक्यात जरा कमी पडला, पण मान्य आहे.

साक्षीदार:
समोरचा शिंपी (सही)
माझी डॉक्टरीण (सही)

स्थळ: मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

सहीच्या जागी माझा डाव्या हाताचा अंगठा. मी गेल्यावर मुलाने खोलीचा विषय पुन्हा काढलाच, तर नातीने वाद घालू नये. कागद उघडावा आणि त्याला हाच अंगठा दाखवावा.