हळू बोलणारी माणसं

१४ सप्टेंबर
पुन्हा उजवा कान. लाल, गरम, त्या कुशीवर झोपता येत नाही. कानाची पाळी तेवढी शाबूत. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती वाचली, असं डॉक्टर म्हणतात. माझंच शरीर माझी कूर्चा खातंय म्हणे – कान, नाक, पुढे श्वासनलिकासुद्धा! लाखात एखाद्याला होतो हा आजार. बरी मी सापडले!

माझ्या सुक्या मासळीच्या दुकानासमोरची मासळीवाली बोन-सुन सगळ्या बाजारादेखत ओरडली, "ताई, नाक कुठे करून घेतलंत? बसलं की पार! पैसे परत मागा!" हसले. काय करणार? सोलमधल्या पोरी ऑपरेशन करून नाक उंच करून घेतात, माझं आपोआप खाली चाललंय. तेही फुकट.

२० सप्टेंबर
जेवताना तॅ-हो आणि हे-जू कुजबुजत होते. मी शेगडीकडून वळले तशी दोघं गप्प! "काय रे?" "काही नाही, आई." मुलाला आणि सुनेला माझ्यापासून एवढं काय लपवायचंय?

२१ सप्टेंबर
आजही तेच.

२९ सप्टेंबर
गिऱ्हाइकं हल्ली थेट हे-जूकडे जातात. आज एक बाई सुकी मांदेली घेऊन गेली, दोघी खिदळत होत्या. "काय म्हणत होती?" "तुमचीच चौकशी, आई." माझी चौकशी, माझ्यासमोर, मला वगळून! दुकानाची पाटी माझ्या नावाची आहे. अजून तरी.

३ ऑक्टोबर
दाराआडून तॅ-होचं अर्धंमुर्धं ऐकलं. "...न्यायलाच हवं... आई चिडेल..." कुठे न्यायचंय? डोंगरापलीकडे नवा वृद्धाश्रम झालाय. समजलं.

७ ऑक्टोबर
हे-जू नासपतीचा रस मध घालून पितेय. घसा बसलाय. बोन-सुनचं तेवढं सगळं ऐकू येतं, बोंबलण्यात तिचा हात कोण धरणार! म्हणाली, "सून गाते कुठे हो रोज? आवाज पार फाटलाय!" मलाही तोच संशय. दुकान बंद केलं की कराओकेत जात असणार. माझ्याशी मात्र पुटपुटते. वर तोंड एवढं मोठं उघडते, जशी मी पाळण्यातली.

१२ ऑक्टोबर
गोळ्या तीच काढून देते. आजच्या गोळीचा रंग वेगळा. विचारलं तर नुसते ओठ हलले. गोळी जिभेखाली धरली आणि नंतर मिरचीच्या कुंडीत टाकली.

१९ ऑक्टोबर
रोज कुंडीतच टाकते. दोन्ही कान पेटलेत. जिना चढताना गळ्यात शीळ वाजते. तरी घेणार नाही!

२४ ऑक्टोबर
काल जिन्यातच बसले. श्वास वर येईना. तॅ-होने पाठुंगळी घेतलं. दाराशी पिशवी भरून तयार – हे-जूने आधीच भरून ठेवलेली! म्हणजे ठरलेलंच होतं. गाडी डोंगराकडे वळण्याची मी वाट पाहत होते. वळली नाही. इस्पितळापाशी थांबली.

२६ ऑक्टोबर
नाकाला नळी, हाताला सलाईन. डॉक्टर आले, नुसते ओठ हलवत राहिले. म्हटलं, "नीट बोला की! तुम्हीही त्यांनाच सामील?"

त्यांनी तॅ-होकडे पाहिलं. तॅ-होने कागद घेतला आणि लिहिलं – आई, डॉक्टर ओरडतायत.

कागद उशीखाली ठेवलाय.

२७ ऑक्टोबर
आजार कानाच्या आतपर्यंत पोचलाय. तॅ-होला मला कानाच्या डॉक्टरकडेच न्यायचं होतं. मी चिडेन म्हणून महिनाभर घाबरला. रंग वेगळा होता, कारण डोस वाढवला होता. हेही सगळं लिहूनच सांगितलं. कुंडीचं मी सांगून टाकलं.

४ नोव्हेंबर
डाव्या कानात यंत्र बसवलं. हे-जूने गोळी पुढे केली. "आई, गोळी!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"अगं, ओरडू नकोस."

ती हळू बोलायला गेली. आवाजच फुटेना.

कुठे गात होती, ते आज कळलं.